मिठागरात इलेक्ट्रॉन कोण कोणाला देतो?

पूर्व द्रुतगती महामार्गाने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड हा पट्टा ओलांडताना ठाण्याच्या खाडीच्या बाजूला सपाट, उघडी जमीन लांबवर पसरलेली दिसते. ही मुंबईची मिठागरे. आज त्यांतील बरीच ओस पडली असली, तरी तेथे मीठ कसे पिकत असे हे जुन्या रहिवाशांना चांगले ठाऊक आहे: पावसाळा सरला की भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हावाऱ्यात ते आटू द्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत दाट करत न्यायचे आणि शेवटी तळाशी जमलेले पांढरे खडे ओढून त्यांचे ढीग रचायचे.

आठवीच्या मुलांना रासायनिक बंध शिकवताना मी याच वाफ्यापासून सुरुवात करते आणि एक प्रश्न विचारते: या वाफ्यात मिठाचा खडा तयार होताना इलेक्ट्रॉन कोणी दिला आणि कोणी घेतला? पाठ्यपुस्तक वाचून आलेली मुले लगेच सांगतात की सोडिअमने दिला आणि क्लोरीनने घेतला. उत्तर आत्मविश्वासाने येते, पण ते चुकीचे आहे. त्या वाफ्यात कोणीही कोणाला इलेक्ट्रॉन दिलेला नसतो आणि तरीही तेथे आयनिक बंध तयार होतो. हे कसे घडते ते नीट समजून घेतले, तर आयनिक आणि सहसंयुज या दोन्ही बंधांमागे खरोखर काय आहे ते कळू लागते.

आधी लागणारी सामग्री थोडक्यात पाहू. अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असते आणि त्याभोवतीच्या कवचांत ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात आणि अणूंचे आपापसांतले व्यवहार त्यांच्याच जोरावर चालतात. सोडिअमजवळ ११ इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, १ अशी असते. क्लोरीनजवळ १७ इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, ७ अशी असते. हीलिअम, निऑन, आर्गॉन यांसारखे राजवायू सहसा कोणाशीही संयोग पावत नाहीत. हीलिअमच्या एकुलत्या एका कवचात २, तर निऑन आणि आर्गॉन यांच्या बाह्यतम कवचात ८ इलेक्ट्रॉन असतात; या मांडण्यांना अनुक्रमे द्विक आणि अष्टक म्हणतात. इतर मूलद्रव्यांचे अणू संयोग पावताना पुष्कळदा अशाच मांडणीला येऊन पोहोचतात, हे १९१६ साली जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी स्वतंत्रपणे मांडले. कोसेल यांचा भर एका अणूकडून दुसऱ्या अणूकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर होता, तर दोन अणूंमध्ये सामाईक असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीची कल्पना लुईस यांची.

आता पुस्तकातला नेहमीचा प्रसंग घेऊ. सोडिअम हा रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागणारा मऊ धातू आणि क्लोरीन हा पिवळसर हिरवा विषारी वायू. दोघे एकत्र आले की सोडिअमचा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. सोडिअमजवळ १० इलेक्ट्रॉन उरतात, पण केंद्रकातील धनप्रभार ११ च राहतो, म्हणून तो एक धनप्रभार असलेला आयन, म्हणजे प्रभारित कण, होतो. क्लोरीनजवळ १८ इलेक्ट्रॉन होतात आणि तो एक ऋणप्रभार असलेला क्लोराइड आयन होतो. दोघांचीही अष्टके पूर्ण झालेली असतात. येथपर्यंत सगळे खरे आहे. अडचण पुढच्या वाक्यात येते, कारण मुले या देवघेवीलाच बंध समजतात आणि सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायची हौसच असते असे मानून चालतात.

अणूला हौस नसते, आणि सोडिअम आपला इलेक्ट्रॉन फुकट तर मुळीच सोडत नाही. हिशेब मांडून पाहू. २३ ग्रॅम सोडिअमचे सगळे अणू वायुरूपात सुटे सुटे आहेत अशी कल्पना करा. त्या प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला एकूण ४९६ किलोजूल ऊर्जा खर्च करावी लागते, कारण केंद्रकाने त्याला धरून ठेवलेले असते. हेच इलेक्ट्रॉन ३५.५ ग्रॅम क्लोरीनच्या सुट्या अणूंना दिले, तर ३४९ किलोजूल ऊर्जा परत मिळते. म्हणजे केवळ देवघेवीपुरते पाहिले, तर व्यवहारात १४७ किलोजूलची तूट येते, आणि एवढ्या तोट्यातला व्यवहार निसर्गात सहसा आपण होऊन घडत नाही. तूट भरून निघते ती त्यापुढच्या पायरीवर. देवघेवीनंतर विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांकडे ओढले जातात, जवळ येऊन घट्ट रचले जातात आणि ५८.५ ग्रॅम मिठाचा स्फटिक तयार होताना ७८७ किलोजूल ऊर्जा बाहेर टाकतात. या मोठ्या जमेमुळेच सगळा व्यवहार फायद्यात येतो. विरुद्ध प्रभारांच्या आयनांमधील या विद्युत आकर्षणालाच आयनिक बंध म्हणतात. इलेक्ट्रॉन देणे-घेणे ही आयन तयार होण्याची एक रीत झाली. बंध त्यानंतरचा आहे.

येथे मिठागराचे कोडे सुटते. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि ते आयनांच्या रूपात असतात. त्यांतील सोडिअमचा बराच भाग जमिनीवरचे खडक झिजून नद्यांवाटे आला आहे, आणि तो खडकात होता तेव्हाही आयनच होता. खाडीच्या पाण्यात सोडिअमचे आयन आणि क्लोराइड आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असतात आणि एकमेकांपासून दूर दूर हिंडत असतात. ऊन पडते, पाणी उडून जाते, मधले रेणू कमी होत जातात आणि शेवटी दोन्ही प्रकारचे आयन एकमेकांच्या इतके जवळ येतात की आकर्षणाने रचले जाऊन खडा बनतो. इलेक्ट्रॉन एकही हललेला नसतो. तुमच्या घरच्या मिठाच्या बरणीतले मीठ याच वाटेने आलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. सोडिअम धातू आणि क्लोरीन वायू यांच्या भेटीतून स्वयंपाकघरातले मीठ कोणी बनवत नाही.

मग मिठाचा रेणू कसा दिसतो, असा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे उत्तर असे की घन मिठात रेणू नसतोच. स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाच्या वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे मिळून ६ क्लोराइड आयन असतात, आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती तसेच ६ सोडिअम आयन असतात. यांपैकी अमुक क्लोराइड अमुक सोडिअमचा, असे बोट दाखवून सांगता येत नाही, कारण आकर्षण सर्व दिशांनी सारखेच असते. मिठाच्या NaCl या सूत्रातील एकास एक हे प्रमाण म्हणजे केवळ मोजदाद आहे. ही रचना इंग्लंडमध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्या काळच्या काही रसायनशास्त्रज्ञांना ती पटायला फार जड गेली. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी तर १९२७ साली, म्हणजे तब्बल १४ वर्षांनी, बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीवर जाहीर टीका केली. इतक्या अनुभवी माणसाला जे स्वीकारणे कठीण गेले, ते आठवीतल्या मुलाला पहिल्या वाचनात पटले नाही, तर त्यात त्याचा काहीच दोष नाही, असे मला मनापासून वाटते.

जाडे मीठ भिंगाखाली धरून पाहा. पुष्कळ खड्यांच्या कडा काटकोनात मिळालेल्या दिसतील. शेजारशेजारच्या दोन आयनांच्या केंद्रांतील अंतर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्याही साधारण पाव हिश्शाइतके असते, त्यामुळे साधारण ०.३ मिलिमीटर कडेच्या एका लहान कणाच्या एकाच कडेवर सुमारे दहा लाख आयन आलटून पालटून ओळीने उभे असतात. खड्यावर बत्त्याचा घाव घातला की त्याचे सपाट पृष्ठांचे तुकडे होतात. घावामुळे आयनांचा एक थर दुसऱ्यावर किंचित सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण आयन येतात आणि क्षणापूर्वीचे आकर्षण प्रतिकर्षणात बदलून खडा फुटतो. आयनिक पदार्थ कठीण असूनही ठिसूळ असतात, त्याचे कारण हे.

बंध म्हणजे विद्युत आकर्षण असेल, तर प्रभार वाढल्यावर तो बळकट व्हायला हवा. तसे होते का? मॅग्नेशिअम २ इलेक्ट्रॉन गमावतो आणि ऑक्सिजन २ मिळवतो, म्हणून मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्ही आयनांवर दुप्पट प्रभार असतो. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, तर मॅग्नेशिअम ऑक्साइड वितळवायला २८०० अंशांहूनही अधिक तापमान लागते. म्हणूनच भट्ट्यांच्या आतल्या अस्तराच्या विटांसाठी तो वापरतात.

आता दुसऱ्या बंधाकडे वळू. क्लोरीनचे दोनच अणू समोरासमोर आले आणि सोडिअम जवळपास नसला तर काय होईल? दोघांजवळ ७ संयुजा इलेक्ट्रॉन आहेत, दोघांनाही एक कमी पडतो आणि कोणीही दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन पूर्णपणे हिरावून घेऊ शकत नाही, कारण दोघांची ओढ सारखीच असते. अशा वेळी प्रत्येकाचा एक असे दोन इलेक्ट्रॉन दोघांच्या मध्ये सामाईक होतात आणि ती जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते. या बंधाला सहसंयुज बंध म्हणतात.

येथे मुले मोजणीत अडखळतात. सात आणि सात चौदा होतात, मग दोघांजवळ आठ-आठ कसे? मुंबईतल्या चाळीत एकमेकींना लागून असलेल्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खोलीला चार भिंती आहेत, पण बांधताना भिंती आठ लागल्या नाहीत, सातच लागल्या, कारण मधली भिंत दोन्ही बिऱ्हाडांची आहे आणि आपण ती दोनदा मोजतो. क्लोरीनच्या रेणूत मधले दोन इलेक्ट्रॉन असेच दोनदा मोजले जातात. मात्र हा दाखला मोजणीपुरताच खरा आहे. भिंत खोल्यांना ओढून धरत नाही. मधली इलेक्ट्रॉनांची जोडी मात्र धरते.

ती कशी धरते, हे हायड्रोजनच्या रेणूत सर्वांत स्वच्छ दिसते. हायड्रोजनच्या अणूत एक केंद्रक आणि एक इलेक्ट्रॉन, एवढाच संसार असतो. दोन अणू जवळ आले की प्रत्येक केंद्रकाला आपल्या इलेक्ट्रॉनाबरोबर शेजारचा इलेक्ट्रॉनही खेचू लागतो. दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता वाढते आणि हा मधला ऋणप्रभार दोन्हीकडच्या धनप्रभारित केंद्रकांना आपल्याकडे ओढतो. अणू प्रमाणाबाहेर जवळ आले तर केंद्रके एकमेकांना दूर ढकलतात. ओढणे आणि ढकलणे जेथे समतोल साधतात, त्या अंतरावर दोन अणू स्थिरावतात. म्हणजे सहसंयुज बंधाच्या मुळाशीही विद्युत आकर्षणच आहे. आयनिक बंधात ते पूर्ण आयनांमध्ये असते, सहसंयुज बंधात ते सामाईक इलेक्ट्रॉन आणि दोन केंद्रके यांच्यात असते.

सामाईक जोड्या एकाहून अधिकही असू शकतात. ऑक्सिजनच्या रेणूत दोन जोड्यांचा दुहेरी बंध असतो आणि नायट्रोजनच्या रेणूत तीन जोड्यांचा तिहेरी बंध असतो. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग असलेला नायट्रोजन आपल्या श्वासातून काहीही रासायनिक खटाटोप न करता बाहेर पडतो, त्याचे मोठे कारण हा अत्यंत बळकट तिहेरी बंध आहे. मुंबईतल्या अनेक घरांत नळीने येणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रामुख्याने मिथेन असतो. त्यात कार्बनचे ४ संयुजा इलेक्ट्रॉन चार हायड्रोजन अणूंच्या एकेका इलेक्ट्रॉनाबरोबर चार जोड्या करतात. कार्बनचे अष्टक पूर्ण होते, हायड्रोजनचे द्विक पूर्ण होते, आणि रेणू तेथेच संपतो. मिठात असे संपणे नव्हते. सहसंयुज बंधात जोडीदार ठरलेले असतात, त्यांची संख्या ठरलेली असते आणि बंधांना दिशा असते, म्हणून बहुतेक वेळा निश्चित आकाराचे सुटे रेणू बनतात.

यातूनच एक गैरसमज जन्म घेतो आणि तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे टिकून आहे: सहसंयुज बंध दुर्बळ असतात, म्हणून अशा पदार्थांचे द्रवणांक कमी असतात. या वाक्याचा उत्तरार्ध पुष्कळदा खरा असतो, पूर्वार्ध खरा नाही. देवघरातला कापूर उघडा ठेवला की हळूहळू नाहीसा होतो आणि त्याचा वास खोलीभर पसरतो. या वेळी कापराच्या रेणूच्या आतला एकही बंध तुटलेला नसतो. अखंड रेणू एकमेकांना सोडून हवेत जातात, कारण एका रेणूची दुसऱ्या रेणूशी असलेली ओढ कमी असते. इडलीपात्रातून निघणारी वाफही पाणीच असते. शंभर अंशांना पाण्याचे रेणू एकमेकांपासून सुटतात, पण रेणूच्या आतले हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बंध शाबूत राहतात, नाहीतर प्रत्येक स्वयंपाकघरात रोज स्फोटक वायू तयार झाला असता. मिठाला वास येत नाही, कारण त्यातून सहज सुटून हवेत जाईल असा सुटा रेणूच त्यात नाही. सहसंयुज बंधाचे खरे बळ पाहायचे असेल, तर वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरे बाजारात ज्याची उलाढाल चालते तो हिरा पाहावा. त्यात प्रत्येक कार्बन अणू चार कार्बन अणूंशी सहसंयुज बंधांनी जोडलेला असतो आणि ही साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोठेही तुटत नाही. तेथे बंध न तोडता वेगळे करता येईल असे काही उरतच नाही, म्हणून तो एवढा कठीण.

सामाईक जोडी नेहमी अगदी मधोमध असते असेही नाही. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची ओढ हायड्रोजनपेक्षा जास्त असल्याने जोड्या ऑक्सिजनकडे झुकतात. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋणप्रभार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धनप्रभार येतो, आणि रेणू वाकलेला असल्यामुळे हे दोन भाग एकमेकांना रद्द करत नाहीत. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. मिठाचा खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू सोडिअम आयनाकडे आणि धन बाजू क्लोराइड आयनाकडे करून त्यांना घेरतात आणि स्फटिकातून वेगळे काढतात. मिठागरात उन्हाने जे घडवले, त्याच्या बरोबर उलटे येथे घडते.

लिंबू सरबताच्या एका पेल्यात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. त्यातले मीठ विरघळते तेव्हा आयन सुटे होतात. साखर विरघळते तेव्हा साखरेचे रेणू एकमेकांपासून सुटतात, पण प्रत्येक रेणू आतून अखंड राहतो. हा फरक डोळ्यांनी दिसत नाही, पण साध्या प्रयोगाने दाखवता येतो. ९ व्होल्टची बॅटरी, एक लहान एलईडी, त्याच्या जोडीला सुमारे ४७० ओहमचा रोध आणि पेन्सिलीतल्या शिशाच्या दोन कांड्या यांचे परिपथ जोडा आणि कांड्या एकमेकींना न टेकवता द्रवात बुडवा. पाणी मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, कारण नळाच्या पाण्यातही थोडे आयन असतात. कोरडे मीठ, नुसते पाणी आणि साखरेचे पाणी यांत एलईडी पेटत नाही. मिठाच्या पाण्यात पेटतो, कारण तेथे हलू शकणारे आयन असतात. कोरड्या मिठातही आयन असतात, पण ते जागच्या जागी जखडलेले असतात. मिठाच्या पाण्यात वीज वाहताना थोडा क्लोरीन वायू सुटू शकतो, म्हणून प्रयोग खिडकी उघडी ठेवून, शिक्षकांच्या किंवा पालकांच्या देखरेखीखाली काही सेकंदच करावा आणि घरातल्या विजेच्या प्लगचा वापर कधीही करू नये. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात विजेच्या खांबाजवळून जाणे जिवावर बेतते तेही याच कारणाने: त्या पाण्यात विरघळलेले आयन भरपूर असतात.

धातू आणि अधातू असतील तर आयनिक, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज, हा वर्गातला नियम कामाला येतो, पण तो कुंपणासारखा पक्का मानू नये. तुरटीत गंधक आणि ऑक्सिजन यांचे अणू सहसंयुज बंधांनी जोडले जाऊन सल्फेट आयन बनतो, आणि तो संपूर्ण गट पोटॅशिअम व ॲल्युमिनिअम यांच्या आयनांशी आयनिक बंधाने बांधलेला असतो. खाण्याच्या सोड्यातही असेच दोन्ही बंध एकत्र नांदतात.

माझ्या आवडीचे उदाहरण मात्र कल्हईवाल्याच्या नवसागराचे आहे. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्यात धातूचा एकही अणू नाही, नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन ही तिन्ही मूलद्रव्ये अधातू आहेत, आणि तरीही तो आयनिक पदार्थ आहे, कारण नायट्रोजन आणि चार हायड्रोजन मिळून अमोनिअम हा धन आयन बनतो. कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकतो तेव्हा त्याचे अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंमध्ये विघटन होते. हे दोन्ही वायू सहसंयुज रेणूंचे असतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, त्यामुळे कथील नीट धरते; जे वायू भांड्याबाहेर निसटतात ते गार हवेत पुन्हा एकमेकांना भेटतात आणि त्यांचे आयन होऊन नवसागराचे बारीक कण तयार होतात. पातेल्यावरून उठणारा तो पांढरा धूर म्हणजे हेच कण.